२०२३ च्या सिनेमांची वही : मनात राहिलेले आणि मनातून उतरलेले

शेवटचा_खेळ | २७ डिसेंबर २०२३, रात्री ११:५०

साताऱ्यात माझं औषधांचं दुकान आहे. रात्री साडेनऊला शटर ओढायचं, घरी दोन घास खायचे आणि महिन्यातून तीन-चारदा तरी शेवटच्या खेळाला जायचं, असा माझा नेम आहे. सोबत कुणी आलं तर उत्तम, नाही तर एकटा. घरी परतलो की तिकीट वहीत चिकटवतो आणि त्याखाली दोन ओळी लिहितो. कॉलेजपासूनची सवय. आता तिकिटं मोबाइलवर येतात, म्हणून तारीख आणि सीटचा नंबर हाताने लिहून ठेवतो. काल यंदाची वही मोजली. थेटरात पाहिलेले ४१ सिनेमे भरले. त्यातले कोणते मनात राहिले आणि कोणते उतरले ते लिहितो. तुम्हीही तुमचे लिहा.

सर्वांत वर ‘बापल्योक’.

मकरंद माने यांचा हा सिनेमा. याआधीचा त्यांचा ‘रिंगण’ मला आवडला होता म्हणून गेलो. पोराचं लग्न ठरलंय आणि बाप-लेक मोटारसायकलवरून पै-पाहुण्यांना पत्रिका वाटत निघालेत, एवढीच गोष्ट. शशांक शेंडे बाप, विठ्ठल काळे मुलगा. बाप बोलायला लागला की थांबत नाही, पोरगं वैतागतं आणि गाडी चालूच राहते. रात्री साडेदहाचा खेळ होता आणि आम्ही सगळे मिळून सहा जण. माझ्या पुढच्या रांगेत एक तरुण त्याच्या वडिलांना घेऊन आला होता. इंटरव्हलमध्ये दिवे लागले तेव्हा दिसलं, दोघांच्याही मांडीवर हेल्मेट. दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. मुलगा उठून चहा घेऊन आला, वडिलांनी फुंकर मारून कप परत त्याच्याच हातात दिला. गरम आहे, तू आधी पी, अशा अर्थाने असेल. मी तो सिनेमा पाहिला आणि हेही पाहिलं.

१९९८ मध्ये माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न होतं. मी आणि आमचे दादा (वडिलांना आम्ही दादा म्हणतो) एमऐंशीवरून कोरेगाव, रहिमतपूर, औंध असं हिंडलो होतो. पहिली पत्रिका देवापुढे, मग गावातल्या मानाच्या घरांना, मग बाकीच्यांना. पत्रिकेच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लावायचं काम माझ्याकडे होतं, बोटं दिवसभर पिवळी. एका घरी दादांना पाणीसुद्धा विचारलं नाही. बाहेर पडल्यावर त्यांनी गाडीला दोन वेळा किक मारली आणि काहीच बोलले नाहीत. पंचवीस वर्षांत ते मला आठवलं नव्हतं. त्या रात्री आठवलं. दादांना हा सिनेमा दाखवायचाच म्हणून पुढच्या शुक्रवारी तिकीट काढायला गेलो, तर साताऱ्यातून तो उतरला होता.

दुसरा ‘वाळवी’. जानेवारीच्या १३ तारखेला लागला आणि वर्ष संपेपर्यंत मी त्याची तुलना इतरांशी करत राहिलो. परेश मोकाशी आणि मधुगंधा कुलकर्णी यांनी एक खुनाचा बेत आखलाय आणि त्या बेताला पहिल्या दहा मिनिटांत भोक पाडलंय. दोन तासांच्या आत सगळं आटोपतं. अनिता दाते आणि शिवानी सुर्वे यांना इतकं धारदार काम मी आधी करताना पाहिलं नव्हतं. शेवट सांगणार नाही, ज्यांनी पाहिला नसेल त्यांचा हक्क मला मारायचा नाही.

‘आत्मपॅम्फ्लेट’ही याच मोकाशींनी लिहिलेला, दिग्दर्शन आशिष बेंडे यांचं. शाळकरी पोराची प्रेमकहाणी आणि तिच्या अवतीभवती ऐंशी-नव्वदच्या दशकातला देश बदलतोय. जात, धर्म, दंगल हे सगळं त्या पोराच्या उंचीवरून दिसतं. फेब्रुवारीत बर्लिन महोत्सवात दाखवला गेला होता, आपल्याकडे ऑक्टोबर उजाडला.

आणि ‘थ्री ऑफ अस’. यावर दुसरं कुणी लिहील अशी आशा आहे, कारण मला नीट लिहिता येत नाही. पाहून आलो आणि वहीत फक्त ‘वेंगुर्ला’ एवढंच लिहिलं.

आता मनातून उतरलेले. ‘आदिपुरुष’बद्दल फार लिहायची गरज नाही. लोकांनी ओरड केल्यावर त्याचे संवाद बदलावे लागले, यातच आलं. देवदत्त नागेंसारख्या मेहनती नटाच्या हनुमानाच्या तोंडी ती भाषा ऐकताना वाईट वाटलं.

माझं खरं दुखणं ‘महाराष्ट्र शाहीर’ आहे, आणि हे लिहायला मला जड जातंय. माझं आजोळ वाई तालुक्यातलं. शाहीर साबळे आमच्या शेजारच्या पसरणीचे. आजोळी प्रत्येक घरात त्यांची एक तरी आठवण आहे. लहानपणी जत्रेत मामाच्या खांद्यावर बसून मी ‘महाराष्ट्राची लोकधारा’ पाहिलीय. भारूड सुरू झालं की आजी हातातलं काम टाकायची. यंदा त्यांची जन्मशताब्दी. फेब्रुवारीत त्यांच्या आवाजातलं ‘गर्जा महाराष्ट्र माझा’ राज्यगीत झालं आणि एप्रिलच्या २८ तारखेला सिनेमा. नातवाने आजोबांवर केलेला. मी पहिल्या दिवशी आईला घेऊन गेलो. अंकुश चौधरीने जीव ओतलाय, अजय-अतुल यांची गाणी गोड आहेत, ‘बहरला हा मधुमास’ आमची पोरगी अजून गुणगुणते. पण सिनेमा पळत राहतो. लहानपण, साने गुरुजी, चळवळ, संसार, मुक्तनाट्य, मानसन्मान, एक टप्पा आला की दुसऱ्याची घाई. मला शाहीर रंगमंचावर उभे हवे होते. सबंध एक प्रयोग, मध्ये न कापता. घामाने भिजलेला सदरा, पुढे बसलेले लोक, ढोलकी चढत जाणारी. दहा मिनिटं दिली असती तरी चाललं असतं. ‘आंधळं दळतंय’ या त्यांच्या मुक्तनाट्यात असं काय होतं की मुंबईतला मराठी माणूस पेटून उठला, हे ज्याने पाहिलं नाही त्याला या सिनेमातून कसं कळणार? बाहेर आल्यावर आईला विचारलं, कसा वाटला? ती म्हणाली, “चांगलाय. पण शाहीर भेटले नाहीत.”

आता तुम्ही लिहा. चांगलं का वाटलं आणि का नाही वाटलं, तेही लिहा. नुसती यादी नको.

सोनचाफा | २८ डिसेंबर २०२३, सकाळी ७:२०

सुंदर धागा. बापल्योकचा परिच्छेद सकाळी सकाळी वाचला आणि डोळे भरून आले.

माझा या वर्षीचा सिनेमा एकच, ‘बाईपण भारी देवा’. तुमच्या यादीत दिसला नाही म्हणून मुद्दाम लिहितेय.

आम्ही सोसायटीतल्या अठरा जणी गेलो होतो, जुलैचा पहिला आठवडा. आमच्यातल्या चौघी तर थेटरात पहिल्यांदाच नवरा किंवा मुलं यांच्याशिवाय आल्या होत्या. नऊवारी, नथ, गजरे, सगळा सरंजाम. शेवटी मंगळागौरीची स्पर्धा सुरू झाली तशा मागच्या रांगेतल्या बायका उठल्या, चपला काढल्या आणि पडद्यापुढच्या मोकळ्या जागेत फुगड्या घालायला लागल्या. आमच्या सोसायटीतल्या काकू, वय ७१, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्या खुर्चीतच बसून हाताने झिम्मा खेळत होत्या. समोर कुणी नाही, हवेतच टाळी. मी पुढे जाऊन बसले आणि त्यांना टाळी दिली.

सहा बहिणी, प्रत्येकीचं वेगळं दुःख, आणि एकीचंही दुःख मोठ्या घटनेचं नाही. कुणाला नवरा किंमत देत नाही, कुणाचं शरीर बदलतंय, कुणाचं बहिणीशी वाकडं आलंय. मेनोपॉजबद्दल मराठी पडद्यावर इतकं सरळ बोललेलं मी तरी पाहिलं नव्हतं. रोहिणीताई, वंदनाताई, सुकन्याताई, सगळ्या पन्नाशी-साठीच्या पुढच्या आणि सिनेमा त्यांच्या खांद्यावर. कमाईत तो ‘सैराट’च्या खालोखाल जाऊन बसला, तो आमच्यासारख्या बायकांच्या तिकिटांवर.

अण्णा_नगरकर | २८ डिसेंबर २०२३, सकाळी ९:०५

सोनचाफाताई, तुमच्या भावना मान्य. पण सिनेमा म्हणून मला तो मालिकेसारखा वाटला. एकीचा प्रसंग, मग दुसरीचा, मग तिसरीचा. पुरुष पात्रं अगदीच एका रंगाची. बायकांचं थेटरात येणं ही मोठी गोष्ट आहे, त्याबद्दल दिग्दर्शक केदार शिंदे यांचं अभिनंदन करतो, पण चांगला सिनेमा आणि चांगली घटना यात मी फरक करतो.

माझा आवडता ‘नाळ भाग २’. पहिल्या भागाच्या शेवटी चैत्याला कळलेलं असतं की आपली खरी आई दुसरी आहे. इथे तो तिच्या गावी जातो. तिथे त्याला भावंडं सापडतात आणि धाकटी चिमी त्याला भाऊ मानायला तयार नाही. एवढ्याशा पोरीचं ते तोंड फिरवणं! मोठ्यांच्या चुका पोरं कशी निस्तरतात हे सुधाकर रेड्डी यांनी एका राखीवर तोलून धरलंय. गाव, डोंगर, पाणी सगळं सुंदर, पण कॅमेरा तिथे रेंगाळत नाही, पोरांकडे परत येतो.

नावडता : दिवाळीतलं वेळापत्रक. १० नोव्हेंबरला ‘नाळ भाग २’ आणि ‘श्यामची आई’ एकाच दिवशी लागले. दोन दिवसांनी ‘टायगर ३’. दोन चांगले मराठी सिनेमे एकमेकांच्या पायात आले. कुणी ठरवतं की नाही हे?

सोनचाफा | २८ डिसेंबर २०२३, सकाळी ९:४०

अण्णा, फरक करा, पण एक सांगा. एकीचा प्रसंग, मग दुसरीचा, हेच तर आमचं आयुष्य आहे. आम्हाला सलग गोष्ट असते कुठे? मध्येच कुकरची शिट्टी होते.

अण्णा_नगरकर | २८ डिसेंबर २०२३, सकाळी १०:१२

हे मी विचारात घेतलं नव्हतं. सौ. बरोबर पुन्हा पाहीन आणि इथे लिहीन.

दर्यावर्दी | २८ डिसेंबर २०२३, दुपारी १:३०

धागाकर्त्याने ‘थ्री ऑफ अस’ आमच्यावर सोपवलाय, तर मी लिहितो. मी मूळचा वेंगुर्ल्याचा, आता मुलुंडला.

शैलजा म्हणजे शेफाली शाह. तिची स्मृती जायला लागलीय, अजून पूर्ण गेलेली नाही. जाण्याआधी तिला लहानपणी काही वर्षं राहिलेलं गाव पाहायचंय, म्हणून ती नवऱ्याला घेऊन वेंगुर्ल्याला येते. तिथे शाळेतला मित्र, आता बँकेत मॅनेजर, जयदीप अहलावत. नवरा स्वानंद किरकिरे. तिघांपैकी कुणीच वाईट नाही. कुणी कुणावर ओरडत नाही. नवऱ्याला कळतंय की आपण या आठवणीत कुठेच नाही, तरी तो तिच्याबरोबर चालतोय.

अविनाश अरुण यांनी ‘किल्ला’मध्ये कोकणातला पाऊस दाखवला होता. इथे त्यांनी कोकणातली दुपार दाखवलीय. जेवणं झालेली, पडवीत कुणीतरी आडवं झालेलं, बाहेर माडाची सावली. बाहेरचे लोक कोकण दाखवतात तेव्हा समुद्र आणि मासे दाखवतात. वेंगुर्ल्याची ती शांत दुपार ज्याने अंगावर घेतलीय त्यालाच दाखवता येते. आणि तो बँक मॅनेजर भरतकाम करतो, सुईदोरा घेऊन. आमच्या गावात असा एक गृहस्थ होता, लोक त्याला हसायचे. सिनेमात कुणी हसत नाही.

माझ्या आईला गेली चार वर्षं विसरण्याचा आजार आहे. मला ती ‘भाऊ’ म्हणते, म्हणजे तिचा भाऊ. सिनेमा पाहिल्यावर डिसेंबरात तिला गावी नेलं. घराच्या पायरीशी आल्यावर तिने मला नावाने हाक मारली. एकदाच. पुरे झालं.

हिंदीत बोलतात म्हणून काहींनी नाकं मुरडली. वेंगुर्ल्यात मालवणी बोलतात हे खरं, ते मलाही थोडं टोचलं. पण बाकी सगळं इतकं खरं आहे की मी ते सोडून दिलं.

पेठेतला_विद्यार्थी | २८ डिसेंबर २०२३, दुपारी ३:१५

पहिल्यांदाच लिहितोय, सांभाळून घ्या. नांदेड जिल्ह्यातून आलोय, पुण्यात एमपीएससीची तयारी करतो, चौथं वर्ष. एका खोलीत तिघं, एक टेबल, पाळीपाळीने. वर्षभरात एकच सिनेमा थेटरात पाहिला, ‘ट्वेल्थ फेल’. सकाळचा स्वस्तातला खेळ. खोलीतले तिघंही गेलो, त्या दिवशी मेसचा डबा बंद ठेवला.

ज्यांच्यावर हा सिनेमा आहे ते आयपीएस मनोज शर्मा साहेब महाराष्ट्र केडरचे, म्हणून नाव माहीत होतं. पण पिठाच्या गिरणीत काम करून अभ्यास करणं, पीठ अंगावर, तसाच पुस्तकावर झोपणं, ते पाहिल्यावर आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही. आमच्यातला एक जण रात्री लायब्ररीत सफाई करतो, फी माफ होते म्हणून. हे त्याने घरी सांगितलेलं नाही. निकालाचा प्रसंग आला तेव्हा सगळ्या थेटरात मुलं रडत होती. सकाळच्या खेळाला आमच्यासारखेच सगळे होते.

एक गोष्ट मात्र सांगतो. बाहेर आल्यावर काहींना वाटलं की जिद्द असली की होतंच. आम्हाला माहितीय की जागा किती असतात आणि अर्ज किती. जे पास होत नाहीत त्यांच्यावरही कुणीतरी सिनेमा करावा. यात ते मित्र आहेत, पण बाजूला. मला त्यांच्याबद्दल जास्त पाहायचं होतं.

नावडता नाही, दुसरा पाहिलाच नाही.

शेवटचा_खेळ | २८ डिसेंबर २०२३, रात्री ११:३०

दुकान बंद करून आत्ता वाचलं सगळं.

दर्यावर्दी, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. विद्यार्थी मित्रा, तू चांगलं लिहितोस, लिहीत राहा. पास न झालेल्यांच्या सिनेमाबद्दल तू म्हणालास ते मी वहीत उतरवून घेतलं.

सोनचाफाताई, ‘बाईपण’ मी पाहिला होता, आवडलाही होता. यादीत घेतला नाही याचं कारण की त्याला माझ्या शब्दांची गरज नव्हती. ‘बापल्योक’ला होती. पण हवेतल्या टाळीचा प्रसंग वाचून वाटलं, लिहायला हवं होतं.

अनघा_दे | २९ डिसेंबर २०२३, सकाळी ११:००

मी फक्त नावडत्याबद्दल लिहिणार आहे. ‘अ‍ॅनिमल’.

तीन तास एकवीस मिनिटं. हिंसा जास्त होती म्हणून नाही. हिंसेचे सिनेमे मी पाहिलेत. मला त्रास झाला तो टाळ्यांचा. नायक बाईला स्वतःचा बूट चाटायला सांगतो त्या प्रसंगाला माझ्या मागून शिट्टी आली. आणि फक्त प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र असताना पुढच्या रांगेत सातवी-आठवीतली पोरं बसली होती. दारावर कुणी विचारलं नाही. मी इंटरव्हलमध्ये मॅनेजरकडे गेले. तो म्हणाला, “पालकांबरोबर आलेत.” मी शाळेत शिकवते. सोमवारी वर्गात एका मुलाने दुसऱ्याला त्यातला संवाद मारला. मला तो संवाद ओळखता आला आणि माझ्या हातातला खडू थांबला.

रात्रपाळी | २९ डिसेंबर २०२३, दुपारी १२:४५

अनघाताई, पोरांना आत सोडलं ही चूकच, त्यात दुमत नाही. पण मला ‘अ‍ॅनिमल’ आवडला आणि तेही मनापासून सांगतो.

मला तो बापाच्या प्रेमाला भुकेल्या पोराचा सिनेमा वाटला. तो नायक चांगला माणूस आहे असं मला एकदाही वाटलं नाही. माझे वडील ट्रक चालवायचे, महिन्यातून चार दिवस घरी. सुरुवातीला वाढदिवसाला बापाची वाट बघणारा तो मुलगा मला कळला. पुढे तो जे करतो ते मी करणार नाही, पण ती भूक मला माहितीय.

शिवाय उपेंद्र लिमये! पाच-दहा मिनिटांचं काम आणि सगळं थेटर त्यांचं. मागे ‘डॉल्बीवाल्या’ वाजतंय, भाषा मराठी ढंगाची. माझ्या शेजारी हिंदी बोलणारी चार पोरं होती, ती विचारत होती की हा कोण? मी छाती फुगवून सांगितलं, ‘जोगवा’वाला, राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला माणूस आहे.

अनघा_दे | २९ डिसेंबर २०२३, दुपारी २:१०

रात्रपाळी, तुमच्या वडिलांबद्दलचं वाचून मी थांबले. तुम्हाला जे दिसलं ते खोटं नाही. पण त्या भुकेची किंमत सिनेमाभर कोण चुकवतं ते बघा. बायको, दुसरी बाई, बहिणी. सिनेमा त्यांच्याकडे थोडा वेळ बघतो आणि परत नायकाच्या मागे जातो. माझं मत बदललेलं नाही. उपेंद्र लिमयेंबद्दल मात्र एकमत.

कोयनाकाठ | २९ डिसेंबर २०२३, रात्री ८:२०

शेवटचा_खेळ, शाहीरांबद्दल तुम्ही लिहिलंत ते मला पटतं, पण त्याच २८ एप्रिलला अजून काय झालं ते इथे यायला हवं. त्या दिवशी ‘महाराष्ट्र शाहीर’, भाऊराव कऱ्हाडे यांचा ‘टीडीएम’ आणि मणिरत्नम यांचा ‘पोन्नियिन सेल्वन’चा दुसरा भाग, तिन्ही लागले. टीडीएमला खेळच मिळेनात. मिळाले ते अडनिड्या वेळेचे. कलाकार आणि दिग्दर्शक प्रेक्षकांसमोर रडले, त्याचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले. शेवटी सिनेमा काढून घेतला आणि जूनमध्ये पुन्हा लावला.

‘ख्वाडा’ करणाऱ्या माणसावर ही वेळ यावी! २०१५ मध्ये सरकारने मल्टिप्लेक्सना प्राइम टाइममध्ये मराठी सिनेमा लावायला सांगितलं तेव्हा आम्हाला वाटलं होतं की प्रश्न मिटला. पण प्राइम टाइम म्हणजे दुपारी १२ पासून रात्री ९. नोकरी-धंद्याचा माणूस दुपारी साडेबाराला कसा जाणार? आमच्या कराडात मला ‘टीडीएम’ पाहता आला नाही. मी गवंडीकामाचा ठेकेदार, माझी सगळी माणसं त्या सिनेमाची वाट बघत होती. खेळ सकाळी साडेनऊचा. त्या वेळी आमचा माल कालवून होतो.

शेवटचा_खेळ | २९ डिसेंबर २०२३, रात्री ११:४५

कोयनाकाठ, हे तुम्ही लिहिलंत म्हणून बरं झालं. ‘बापल्योक’ एका आठवड्यात उतरला त्याचं दुखणं हेच. सहा जण आले म्हणून उतरवला म्हणतात, आणि सहाच आले कारण खेळ रात्री साडेदहाचा. मी दुकानदार आहे. एखादं औषध मागच्या फडताळात ठेवलं आणि वर्षअखेर म्हटलं की खपत नाही, तर चूक कुणाची?

नीरजा_अ | ३० डिसेंबर २०२३, पहाटे ४:३०

इथे बॉस्टनमध्ये संध्याकाळ आहे. धागा आवडला, सगळं एका दमात वाचलं.

मला यंदा हलवून गेलेला सिनेमा इंग्रजी आणि कोरियन भाषेतला आहे, ‘पास्ट लाइव्हज’. लहानपणी कोरिया सोडून गेलेली मुलगी, आता न्यूयॉर्कमध्ये, नवरा अमेरिकन. लहानपणचा मित्र तिला भेटायला येतो. एवढंच. त्यात नवरा तिला म्हणतो की तू झोपेत फक्त कोरियन बोलतेस, तू अशा भाषेत स्वप्नं बघतेस जी मला समजत नाही. माझा नवरा शेजारी बसला होता, तो मराठी नाही. त्याने माझा हात धरला. घरी येताना गाडीत म्हणाला, “तू झोपेत ‘अगं आले, आले’ म्हणतेस. म्हणजे काय?” पंधरा वर्षांत त्याने कधी विचारलं नव्हतं. आई खालून हाक मारायची तेव्हा मी वरच्या माडीवरून असंच ओरडायचे, सांगलीच्या घरात. ते त्याला समजावून सांगता सांगता मी रडले.

दर्यावर्दींनी लिहिलेला वेंगुर्ल्याचा सिनेमा मला आता पाहायचाच आहे. त्यातलाही तिघांचाच प्रश्न दिसतोय.

नावडता, ‘ओपनहायमर’ म्हटलं तर लोक चिडतील. भव्य आहे, पण त्यातल्या बायका मला भेटल्याच नाहीत. (‘शाहीर भेटले नाहीत’ हे तुमच्या आईंचं वाक्य आता मी सगळीकडे वापरणार आहे.)

अण्णा_नगरकर | २ जानेवारी २०२४, सकाळी ८:५०

‘बाईपण भारी देवा’ काल सौ. बरोबर घरी पुन्हा पाहिला. ती तीन ठिकाणी रडली आणि त्यातल्या दोन ठिकाणी मला कारण कळलं नाही. विचारलं. तिने सांगितलं. ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण चौतीस वर्षांत ते मला ठाऊक नव्हतं. पटकथेबद्दलचं माझं मत तसंच आहे. सोनचाफाताई, आभार.

दर्यावर्दी | २ जानेवारी २०२४, दुपारी १:१५

शेवटचा_खेळ, एक विचारायचं राहिलं. दादांना ‘बापल्योक’ दाखवलात का मग?

शेवटचा_खेळ | २ जानेवारी २०२४, रात्री ११:२०

नाही अजून. ते म्हणतात, थेटरात लागला की सांग, मोबाइलवर मी सिनेमा बघत नाही.

पेठेतला_विद्यार्थी | ३ ऑगस्ट २०२५, रात्री ९:४०

धागा वर काढतोय. परवा, १ ऑगस्टला ७१ वे राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाले, २०२३ च्या सिनेमांचे. सर्वोत्कृष्ट चित्रपट ‘ट्वेल्थ फेल’. मराठीत सर्वोत्कृष्ट ‘श्यामची आई’. ‘नाळ भाग २’ सर्वोत्कृष्ट बालचित्रपट, आणि त्यातल्या चैत्या, चिमी, मणी या तिन्ही पोरांना बालकलाकाराचा पुरस्कार. पदार्पणातल्या दिग्दर्शकाचा पुरस्कार आशिष बेंडे यांना ‘आत्मपॅम्फ्लेट’साठी. या धाग्यातली किती नावं त्यात आहेत ते बघून आनंद झाला. त्याआधीच्या वर्षी ‘वाळवी’लाही सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा मिळाला होता.

माझं म्हणाल तर मी परीक्षा सोडली. नांदेडला परत आलोय, एका सहकारी संस्थेत काम करतो. बरा आहे. खोलीतला तो लायब्ररीवाला पास झाला, राज्यकर निरीक्षक. त्याने पहिल्या पगारात आम्हा दोघांना सिनेमाला नेलं.

अण्णा_नगरकर | ३ ऑगस्ट २०२५, रात्री १०:०५

चिमीला पुरस्कार! त्या पोरीचं तोंड फिरवणं मी अजून विसरलो नाही. आणि बाळा, तू बरा आहेस हे वाचून जास्त बरं वाटलं.

शेवटचा_खेळ | ४ ऑगस्ट २०२५, रात्री १२:१०

विद्यार्थी मित्रा, तुझ्या निरोपाची वाट बघत होतो. साताऱ्याकडे आलास तर दुकानावर ये.

दर्यावर्दी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर आता देतो. दादांची तब्येत मार्चपासून तशी नरम आहे, बाहेर पडणं बंद झालंय. गेल्या महिन्यात दुकानातून लवकर आलो, टीव्हीला मोबाइल जोडला आणि ‘बापल्योक’ लावला. दादा पहिला अर्धा तास काही बोलले नाहीत. गाडी एका दारात उभी राहिली तसे म्हणाले, “थांबव जरा.” मला वाटलं, थकले. ते काठी घेऊन उठले, कपाटातल्या खालच्या खणात हात घातला आणि एक प्लास्टिकची पिशवी काढली. ताईच्या लग्नाची पत्रिका. एकच उरलेली. कोपऱ्यावरची हळद आता तपकिरी झालीय, पण माझ्या बोटाचा ठसा तसाच आहे. पाकिटावर नाव लिहिलेलं होतं, त्या पाणी न विचारणाऱ्या घराच्या धाकट्या भावाचं. दादांनी ती त्या दिवशी दिलीच नव्हती.

“त्याला द्यायला हवी होती,” म्हणाले. “त्याचा काय दोष?” मग बसले आणि म्हणाले, “लाव पुढं.”